जाहिरातीशिवाय विकल्या जाणाऱ्या आलिशान घरांत माणसं कुठे फसतात

जाहिरात न देता, कुठल्याही यादीत न टाकता, मोजक्या ओळखीतून मोठी घरं विकणं हा जुना आणि बहुतेक ठिकाणी कायदेशीर प्रकार आहे. एखाद्या मालकाला गाजावाजा नको असतो, कुणाच्या घरात वाटणी चालू असते, कुणाला आपल्या दिवाणखान्याचे फोटो जगभर फिरायला नको असतात. यात वावगं काही नाही. पण घर उघड बाजारात आलं की शेजारी, दुसरे एजंट, भाडेकरू, कधी खुद्द मालकही ते बघतो आणि कुणीतरी हटकतोच, 'हे घर विकायला कधी काढलं?' गुपचूप व्यवहारात असं हटकणारं कुणी उरत नाही. खाली दिलेले सगळे प्रकार त्याच जोरावर चालतात.

सर्वांत मोठा फटका बसतो तो तोतया मालकाकडून. तो घर निवडताना तीन गोष्टी बघतो: घर रिकामं किंवा क्वचित वापरातलं हवं, त्यावर कर्जाचा बोजा नको आणि मालक लांब राहणारा, वृद्ध किंवा मृत असलेला बरा. बोजा नको, कारण कर्ज असलं की बँक व्यवहारात येते आणि बँक कागद तपासते. घराच्या चाव्या मिळवणं अवघड नसतं. चार-आठ दिवसांसाठी किंवा काही महिन्यांसाठी तेच घर भाड्याने घेतलं की झालं. घेणाऱ्याला घर आतून बघायला मिळतं, बाग, तरणतलाव, गॅरेज सगळं दिसतं आणि त्याची खात्री पटते. चावी हातात असणं म्हणजे मालकी असं आपण नकळत धरून चालतो. पुढचे कागद, म्हणजे ओळखपत्र, मुखत्यारपत्र, जुन्या खरेदीखताची प्रत, खऱ्या मालकाच्या नावाने नीट बनवलेले असतात.

लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागातलं ड्रीमवार प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. ड्रीमवार नावाच्या छोट्या कंपनीने २०१४ मध्ये ११ लाख पौंडांना एक घर घेतलं. विकणारा खरा मालक नव्हता. दोन्ही बाजूंना वकील होते, पैसे वकिलांमार्फत गेले, तरीही पैसा गेला आणि घरही मिळालं नाही. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने दोन्ही बाजूंच्या वकिलांना जबाबदार धरलं, म्हणून खरेदीदाराला भरपाईचा मार्ग खुला झाला. वकील नेमला म्हणजे समोरच्याची ओळख आपोआप तपासली जाते, हा समज त्या व्यवहाराने चुकीचा ठरवला. घेणाऱ्याचा वकील विक्रेत्याला बहुधा भेटतही नाही. ते काम विक्रेत्याच्या वकिलाचं, असं तो गृहीत धरतो. म्हणून आपल्या वकिलाला लेखी विचारा: विक्रेत्याची ओळख नेमकी कुणी, कोणत्या दिवशी, कोणता मूळ कागद हातात घेऊन तपासली? उत्तर लेखीच घ्या.

यापलीकडे काही तपासण्या खरेदीदाराने स्वतः कराव्यात. त्यांना फारसा खर्च येत नाही. जमिनीच्या किंवा मालमत्तेच्या सरकारी नोंदीतला उतारा स्वतः काढा. समोरच्याने पाठवलेली प्रत धरू नका. त्या नोंदीत मालकाचा जो पत्ता आहे त्यावर साधं नोंदणीकृत पत्र पाठवा: 'आपलं अमुक घर घेण्याविषयी आमची बोलणी चालू आहेत.' खरा मालक असेल तर त्याला यात काही खुपत नाही. तोतया असेल तर, पत्ता त्याच घराचा नसला तर, पत्र त्याच्या हाती पडत नाही, आणि असं पत्र जाणार म्हटल्यावर त्याचा सूर बदलतो. मुखत्यारपत्रावर व्यवहार होत असेल तर ते जिथे नोंदवलं त्या नोटरीशी स्वतः शोधलेल्या क्रमांकावर बोला, आणि ते रद्द झालेलं नाही ना, लिहून देणारा हयात आहे ना, हे बघा. व्हिडिओ कॉलवर मालक दिसला यावर आता विसंबू नका, चेहरा आणि आवाज दोन्ही बनवता येतात.

आणखी एक तपासणी आम्हाला फार उपयोगाची वाटते. वर्षानुवर्षं घर सांभाळणाऱ्याकडे कागदांचा ढीग असतो: घरपट्टीच्या जुन्या पावत्या, विम्याची पॉलिसी, मंजूर नकाशे, लिफ्टच्या देखभालीचा करार, पोहण्याच्या तलावाचा पंप बदलल्याचं बिल. यातले पाच-सहा कागद वेगवेगळ्या वर्षांचे मागा. ओळखपत्र एकच बनवावं लागतं. दहा वर्षांची बिलं बनवायला वेळ लागतो आणि त्यांत विसंगती राहतात. शेजाऱ्याला, रखवालदाराला, व्यवस्थापन कार्यालयाला भेटा. 'गुप्तता मोडेल, शेजाऱ्यांशी बोलू नका' असं कुणी सांगितलं, तर तिथेच थांबा.

गुप्ततेच्या कराराविषयी इथेच सांगायला हवं. करार करायला हरकत नाही, पण त्यात चार अपवाद शब्दशः लिहून घ्या: आपला वकील, आपली बँक, सरकारी नोंदणी कार्यालय आणि पोलीस. आणि मालकाशी थेट संपर्क करायला बंदी घालणारं कलम कधीही मान्य करू नका. गुप्तता बाहेरच्या जगापासून असते. जो विकतो आणि जो घेतो, त्या दोघांना एकमेकांपासून लपवायचं कारण फक्त मधल्या माणसाला असतं.

हा मधला माणूस बहुतेकदा एकटा नसतो. 'मालकाचा मँडेट (म्हणजे घर विकून देण्याचा लेखी अधिकार) माझ्याकडे आहे' असं सांगणारा खरं तर दुसऱ्या दलालाकडून ऐकून बोलत असतो, तो तिसऱ्याकडून, आणि या साखळीत कुणीही मालकाला पाहिलेलं नसतं. घर कदाचित विकायलाच नसतं. तरी पैसे काढायच्या जागा भरपूर: घर दाखवण्याची फी, फाइल उघडण्याची फी, परत मिळणारी म्हणून सांगितलेली आरक्षणाची रक्कम. त्याहून वाईट म्हणजे पैसे असल्याचा पुरावा म्हणून मागितलेलं बँक स्टेटमेंट. ते दिलं की आपलं नाव, खाते क्रमांक आणि शिल्लक अनोळखी लोकांच्या हातात जाते. पुढे तेच कागद दाखवून दुसऱ्या कुणाला 'आमच्याकडे खरेदीदार तयार आहे' असं भासवलं जातं. पुरावा द्यायचाच असेल तर बँकेचं किंवा वकिलाचं पत्र द्या. त्यात 'अमुक रकमेपर्यंतच्या खरेदीची क्षमता आहे' एवढंच असावं, खाते क्रमांक नसावा, ज्याला दिलं त्याचं नाव, घराचा पत्ता आणि तारीख असावी. त्याआधी मँडेटची सही असलेली प्रत मागा. तिच्यावर मालकाचं नाव, मुदत आणि कमिशन नसेल, किंवा 'प्रत दाखवता येत नाही' असं उत्तर आलं, तर समोरच्याकडे मँडेट नाही असं समजा.

विकणाऱ्यांची फसवणूक कमी बोलली जाते, कारण अनेकांना ती झाल्याचं कळतही नाही. एजंट सांगतो, 'शांतपणे विकू, माझ्याकडेच ग्राहक आहे.' ग्राहक येतो, किंमत बरी वाटते, सह्या होतात. काही महिन्यांनी तेच घर बऱ्याच जास्त किमतीला पुन्हा विकलं जातं. खरेदी करणारी कंपनी एजंटच्या नातेवाइकाची किंवा भागीदाराची असते. काही वेळा ती घर प्रत्यक्ष घेतही नाही, करारच पुढे विकून फरक खिशात घालते. याची खूण करारात सापडते: खरेदीदाराच्या नावापुढे 'किंवा त्याने नेमलेली व्यक्ती' असे शब्द, लांबलचक मुदत आणि नाममात्र इसारा. ते शब्द काढून टाका किंवा हस्तांतराला आपली लेखी संमती लागेल असं घाला. खरेदीदार कंपनी असेल तर तिच्या संचालकांची नावं नोंदीतून काढा, आणि एजंटकडून सही घ्या की त्याचा, त्याच्या कुटुंबाचा किंवा भागीदारांचा खरेदीत कुठलाही हिस्सा नाही. एजंटशी संबंध नसलेल्या मूल्यांकनकर्त्याकडून किंमत काढून घ्या. एवढ्या मोठ्या व्यवहारात ती फी नगण्य असते.

एजंट दोन्ही बाजूंकडून कमिशन घेत असेल तर घर उघड बाजारात जाऊ नये यात त्याचा स्वतःचा फायदा असतो. अमेरिकेत या प्रश्नावर बरीच वर्षं वाद चालू आहे. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या तिथल्या एजंटांच्या संघटनेच्या २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार घराची जाहीर प्रसिद्धी सुरू झाली की कामकाजाच्या एका दिवसात ते एजंटांच्या सामाईक यादीत टाकावं लागतं. एकाच कार्यालयापुरतं घर ठेवायची सवलत राहिली, पण त्यासाठी आपण उघड प्रसिद्धीचे फायदे सोडतो आहोत हे समजल्याची विक्रेत्याची सही लागते. आपल्या ठिकाणी नियम असो वा नसो, असा कागद मागा. काय सोडतो आहोत हे एजंटने स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायला हवं.

विक्रेत्यांसाठीचा एक सापळा युरोपात पोलिसांच्या चांगल्या ओळखीचा आहे, त्याला रिप-डील म्हणतात. श्रीमंत खरेदीदार मागितलेल्या किमतीला लगेच तयार होतो, घर नीट बघतही नाही, आणि भेटीला परक्या शहरातल्या उत्तम हॉटेलात बोलावतो. उत्तर इटलीतली शहरं यासाठी वारंवार वापरली गेली आहेत. तिथे कमिशन म्हणून किंवा नोटा बदलून देण्याच्या निमित्ताने रोख रक्कम मागितली जाते आणि बदल्यात खोट्या नोटांची बंडलं हाती पडतात. हल्ली रोखीऐवजी क्रिप्टो वॉलेट, म्हणजे डिजिटल चलनाचं खातं, मागतात. घर विकणाऱ्याने घेणाऱ्याला पैसे द्यायचे, असा कुठलाही व्यवहार प्रामाणिक नसतो.

घर कंपनीच्या नावावर असेल आणि घराऐवजी कंपनीच विकायला काढली असेल, तर घराबरोबर तिची कर्जं, करथकबाकी आणि दावेही आपल्याकडे येतात. हे काम हिशेबतपासनीस बसवल्याशिवाय करू नये.

पैसे देतानाची वेळ सगळ्यांत धोक्याची. शेवटच्या दिवशी वकिलाच्या नावाने ईमेल येतो: 'आमचं खातं ऑडिटमध्ये आहे, रक्कम या नव्या खात्यात भरा.' मेलबॉक्स आधीच फोडलेला असतो, म्हणून रक्कम, तारीख, घराचा पत्ता सगळं अचूक असतं. खाते क्रमांक पहिल्याच भेटीत कागदावर घ्या आणि ईमेलने आलेला बदल कधीही मानू नका. आधी लहान रक्कम पाठवा, ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करून ती पोचल्याचं ऐका, मगच उरलेली भरा. एस्क्रो कंपनी, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत दोघांच्या वतीने पैसे सांभाळणारी त्रयस्थ कंपनी, समोरच्याने सुचवली असेल तर तिचा परवाना नियामकाच्या संकेतस्थळावर स्वतः शोधून बघा. घाईने उभारलेल्या खोट्या एस्क्रो साइट फार आहेत. टोकनची रक्कम थेट विक्रेत्याच्या वैयक्तिक खात्यात देऊ नका.

पैसे चुकीच्या खात्यात गेल्याचं लक्षात आलं तर एजंटला विचारत बसू नका. पहिला फोन आपल्या बँकेच्या फसवणूक विभागाला: व्यवहार परत बोलवायची विनंती आणि समोरच्या बँकेला खातं गोठवण्याचा निरोप. दुसरा सायबर पोलिसांना, तिसरा आपल्या वकिलाला. रक्कम परदेशात गेली असेल तर पहिले ७२ तास फार महत्त्वाचे, कारण त्यानंतर ती अनेक खात्यांत फुटलेली असते. मूळ ईमेल हेडरसकट (म्हणजे तो कुठून आला त्या तांत्रिक तपशिलासकट) जपा, चॅट पुसू नका, फोन बदलू नका. दलालाला संशय बोलून दाखवला तर तो त्याच दिवशी क्रमांक बंद करतो, म्हणून तक्रार नोंदवून होईपर्यंत त्याच्याशी नेहमीसारखंच बोलत राहा.