भिंतीतला ओव्हन घ्यावा की सरळ रेंज?
किचन नवं करताना आमचं घोडं इथेच अडलं होतं. रेंज म्हणजे एकच डबा, वर बर्नर खाली ओव्हन, ६० किंवा ७६ सेंमीच्या जागेत सरकवली की झालं, उद्या बिघडली तरी त्याच मापाची दुसरी बसते. भिंतीतल्या ओव्हनला वेगळं कपाट, वेगळं वायरिंग, त्यात कंपनीगणिक माप बदलतं, म्हणून मॉडेल ठरल्याशिवाय सुताराला करवत लावू देऊ नका! पण तापलेला जड ट्रे छातीच्या उंचीवरून काढणं आणि तोच कमरेत वाकून, दाराची धग नडगीला लागत काढणं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे राव. गुडघे कुरकुरत असतील तर भिंतीतलाच घ्या. फक्त ट्रे टेकवायला बाजूला ओटा हवाच.