कोंबड्यांच्या आवारासाठी अर्धा इंची वेल्डेड जाळी: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

खुराड्याला लागून कोंबड्यांना फिरायला जाळीचं आवार केलं, त्याने अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचे कोरडे महिने काढले. चारही बाजूंना अर्धा इंच चौकोनाची वेल्डेड जाळी, वर षटकोनी जाळी, अशी रचना आहे. आजवर आतला एकही पक्षी गेलेला नाही, आणि त्याचं श्रेय मी आधी तारेच्या जाडीला देईन, मग भोकाच्या आकाराला.

षटकोनी जाळीला सगळे कोंबडीजाळी म्हणतात, म्हणून बरेच जण तीच चहूबाजूंनी लावतात. ती कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्या जनावराला थोपवत नाही. पीळ दिलेली बारीक तार कुत्र्याने दातात धरून ओढली की तुटते, पीळ सुटत जातो आणि भोक रुंदावतं. दोन इंची चेनलिंक (कुंपणाला लावतात ती एकमेकींत गुंतवलेल्या तारांची जाळी) कुत्र्याला दाद देत नाही, पण तिच्या भोकातून उंदीर आणि साप सरळ आत येतात. मांजर पंजा घालून जाळीला टेकून बसलेल्या कोंबडीला ओढू शकतं. पिल्लं ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. मी १९ गेज घेतली, म्हणजे तार साधारण एक मिलिमीटर जाड. २२-२३ गेजची जाळीही अर्ध्या इंचातच मिळते आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून दुकानात जाळीचा कोपरा हाताने दुमडून बघा, फरक लगेच कळतो. दुसरी गोष्ट विचारायची ती जस्ताची. वेल्डिंग झाल्यावर जस्तात बुडवलेली जाळी घ्यावी. आधी जस्त चढवलेल्या तारेची जाळी वेल्ड केली की सांध्यावरचा थर जळतो आणि गंज तिथूनच धरतो. माझ्याकडे सांधे अजून स्वच्छ आहेत. मात्र जिथे पक्कडीने जाळी कापली, त्या टोकांवर पाऊस संपता संपता तांबूस ठिपके आले. तिथे झिंकचा रंग लावलाय. तो कापल्या कापल्या लावलेला जास्त चांगला.

सगळ्यात मोठी पारख जमिनीलगत होते. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरायला लागतं, दोन फूट मागे सरून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. त्यामुळे जाळी खोल पुरण्याऐवजी पायाशी काटकोनात वळवून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी पसरली, खुंट्यांनी दाबली आणि वर माती-दगड टाकले. एका सकाळी मागच्या कोपऱ्यात माती वीतभर उकरलेली दिसली. नखांचे ओरखडे अगदी ताजे होते, खाली जाळी उघडी पडली होती आणि खड्डा तिथेच थांबला होता. गवत वाढल्यावर ही झालर दिसतही नाही.

जाळी ठोकायला नुसते स्टेपल वापरू नका, नेट लावला की ते उपटून येतात. स्क्रू आणि रुंद वॉशर लावा. दोन पट्ट्या जोडताना तीन-चार इंच एकावर एक घेऊन तारेने घट्ट बांधा. दाराच्या फटीसुद्धा अर्ध्या इंचाच्या आतच हव्यात, कडी वर एक आणि खाली एक.

तक्रारी आहेत. ही जाळी महाग पडते, ताठ असते, गुंडाळी सोडताना उसळून अंगावर येते. जाड हातमोज्यांशिवाय हात लावू नये. कापताना तारेचे बारीक तुकडे गवतात पडतात. कोंबड्या चमकणारी वस्तू टिपतात आणि पोटात गेलेल्या जस्ताने त्यांना विषबाधा होऊ शकते. काम संपल्यावर सगळ्या जमिनीवरून लोहचुंबक फिरवला, त्याला चिकटून आलेले तुकडे पाहून काळजात धस्स झालं. हे काम कुणीही टाळू नये.

छताच्या षटकोनी जाळीवर मी समाधानी आहे, कारण तिचं काम घारींपुरतं आहे आणि अंधार पडायच्या आत कोंबड्या खुराड्यात बंद होतात. तुमचे पक्षी रात्रीही आवारातच राहणार असतील, तर वरही वेल्डेड जाळीच लावा. मुंगूस आणि रानमांजर दोघंही चढण्यात पटाईत आहेत.