बॅकफ्लोचं थर्मल कव्हर, एक अख्खा हिवाळा वापरून झाल्यावर

नोव्हेंबरमध्ये घेतलं होतं, आता एप्रिल संपत आला म्हणून निवांत लिहितोय. आम्ही डॅलसजवळ राहतो, आमच्या बागेच्या स्प्रिंकलरचा बॅकफ्लो, म्हणजे बागेतलं पाणी उलटं पिण्याच्या पाण्यात जाऊ न देणारा पितळी व्हॉल्व्ह, भिंतीलगत जमिनीच्या वर उघडाच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे पारा उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरला, तेव्हा आम्ही त्याला जुने टॉवेल गुंडाळून वर प्लास्टिक बांधलं होतं, त्यात वीज गेलेली, पोरं घरात कुडकुडतायत, बाहेरच्या पाइपकडे कोण बघतंय. बर्फ वितळला आणि तिथून कारंजंच सुरू झालं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यापुढे पितळसुद्धा टिकत नाही. निफाडला थंडी पडते पण नळ फुटत नाहीत ना, आपल्याला ही सवयच नसते.

तर कव्हर. कापड जाड आहे, पावसात आत पाणी गेलं नाही. पण खालची बाजू उघडी राहते, वारा तिथूनच शिरतो, आणि कव्हर नि जमीन यांच्यामधला चार बोटं पाइप तसाच उघडा, तिथे मी वेगळी फोमची नळी चढवून टेप मारली. टेप मारताना बॅकफ्लोची हवेची भोकं मात्र बुजवू नका. वेल्क्रो जानेवारीतच उसवलं, तेव्हापासून सुतळीने बांधतोय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे कव्हर गरम करत नाही हो, आतली ऊब थोडा वेळ धरून ठेवतं एवढंच. पहाटे दोन-तीन तास शून्याखाली गेलं तर निभावतं. दोन दिवस सलग गारठा सांगितला असेल तर कव्हरवर विसंबू नका, आधी स्प्रिंकलरचा मेन व्हॉल्व्ह बंद करा, मग बॅकफ्लोवरचे छोटे टेस्टचे नळ स्क्रूड्रायव्हरने फिरवून पाणी काढून टाका आणि त्याचे दोन्ही बॉल व्हॉल्व्ह (आतला भोकाचा गोळा फिरवून उघडबंद होणारे) अर्धवट, ४५ अंशात तिरके ठेवा, कारण पूर्ण उघड्या किंवा पूर्ण बंद व्हॉल्व्हच्या गोळ्यात पाणी अडकतं आणि तोच तडकतो. जानेवारीत मी हे सगळं करून वर कव्हर घातलं, काहीही फुटलं नाही.

मार्चमध्ये पाणी परत सोडताना टेस्टचे नळ बंद केले आणि मेन अगदी हळू उघडला, एकदम सोडलं की पाइपला दणका बसतो. कव्हर तेव्हाच काढायला हवं होतं, मी गेल्या आठवड्यात काढलं तर आत लाल मुंग्यांनी घर केलेलं.