सेलम ट्रिपचा रिव्ह्यू: भुताची टूर सोडा, दिवसाची घ्या आणि डॅन्व्हर्सला जाच

बॉस्टनच्या आसपासच्या मराठी घरांत फॉलमध्ये आई-बाबा आले की पानांचे रंग, हार्वर्ड आणि सेलम (१६९२ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून जिथे लोकांना फाशी दिली ते गाव) हे तीन कार्यक्रम ठरलेले असतात, आणि सेलमबद्दल दरवर्षी तोच प्रश्न येतो की पैसे नक्की कशाचे द्यायचे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. थोडक्यात हवं असेल तर रात्रीच्या घोस्ट टूरला दोन स्टार (तेही जॅकेट घालून उभ्या राहिलेल्या गाईड पोराच्या मेहनतीसाठी), दिवसाच्या हिस्टरी वॉकला साडेचार, आणि शेजारच्या डॅन्व्हर्समधल्या, तेव्हा फाशी दिलेल्या रेबेका नर्सच्या घराला पाच. टूरवाल्यांची नावं मुद्दाम देत नाहीये, तिथे अशा टूर ढिगाने आहेत आणि शेवटी सगळं गाईडवर असतं.

आधी गर्दीचं सांगते. ऑक्टोबरमध्ये त्या एवढ्याशा गावात दहा लाखांच्या वर लोक येऊन जातात, त्यामुळे गाडी अजिबात नेऊ नका, नॉर्थ स्टेशनवरून कम्युटर रेल पकडा, अर्ध्या तासात पोचवते. उतरल्यापासून चेटकिणीच चेटकिणी. टोप्या, झाडू, टीशर्ट, पोलिसांच्या गाडीवरसुद्धा झाडूवर बसलेल्या चेटकिणीचा लोगो, हायस्कूलच्या टीमचं नाव पण विचेस. बाबांनी पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, "ज्यांना फाशी दिली त्या चेटकिणी नव्हत्याच ना गं? मग हे काय मिरवतायत?" मी म्हटलं बाबा, टूर घ्या, सगळं कळेल. आमचे बाबा महसूल खात्यातून रिटायर झाले, तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी होऊन बाहेर पडले, मध्ये काही वर्षं नंदुरबारच्या अक्राणीला होते. हे लिहायचं कारण पुढे येईल.

रात्रीची टूर. अंधारात दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभं करतात (आत सोडत नाहीत, संध्याकाळी गेट बंद होतं) आणि कुणाला कुठे पांढरी आकृती दिसली, कुणाच्या फोटोत काय आलं हे सांगतात. मध्येच एकदा जोरात ओरडले, आई दचकली, पुढचा अर्धा तास तिने माझा हात सोडला नाही. बरं तेही चाललं असतं, हॅलोविन आहे, मजा आहे, पण १६९२ मध्ये प्रत्यक्ष काय झालं याला पाच मिनिटं, आणि ती पाच मिनिटं पण "लोक तेव्हा अडाणी होते, घाबरले, पोरींना वेडाचे झटके आले" एवढ्यावर संपली. म्हणजे सगळा दोष गावाच्या भीतीचा आणि बारा वर्षांच्या पोरींचा. ज्यांच्या सहीने माणसं लटकली त्यांचं नावसुद्धा निघालं नाही. माझी तक्रार ही आहे, ओरडण्याची नाही.

दिवसाची टूर मात्र वसूल. गाईड म्हणजे एक वयस्क बाई, आधी शाळेत इतिहास शिकवायच्या, हातात झेरॉक्सचा गठ्ठा, आणि सुरुवात भुतापासून नाही तर सरपणापासून! झालं असं की सेलम व्हिलेजचा (म्हणजे आजच्या डॅन्व्हर्सचा) पाद्री सॅम्युएल पॅरिस याचं गावाशी फाटलं होतं. पगार, थंडीसाठी मिळायची लाकडं, राहत्या घराची मालकी, सगळ्यावर वाद. १६९१ च्या ऑक्टोबरमध्ये गावच्या कमिटीने त्याच्या पगारासाठी पट्टी गोळा करायलाच नकार दिला. मग हा दर रविवारी सैतान चर्चमध्ये शिरलाय म्हणून प्रवचनं देणार, आणि त्या हिवाळ्यात त्याच्याच घरात नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकरा वर्षांची नात्यातली अ‍ॅबिगेल यांना झटके यायला लागले. पोरींना काय झालं होतं यावर भांडत बसण्यात अर्थ नाही असं गाईडचं म्हणणं, मला पटलं. पोरी आजारी पडतात, घाबरतात, खोटंही बोलतात. तक्रार लिहून मॅजिस्ट्रेटकडे कोण घेऊन गेलं ते बघा म्हणाल्या. तर ते घेऊन गेले थॉमस पटनम आणि मंडळी, गावातली मोठी, जमिनीवरून अनेकांशी वाकडं असलेली फॅमिली. त्याची स्वतःची बारा वर्षांची मुलगी अ‍ॅन ही मुख्य आरोप करणाऱ्यांत, आणि पुढे कितीतरी जबान्या त्याच्याच अक्षरात आहेत. इथे बाबा एकदम जागे झाले. "जबाब एकाच्याच हातचे? मग झालंच."

भीती खोटी नव्हती हे पण सांगायला हवं, आणि बाईंनी सांगितलं. वर मेनच्या सरहद्दीवर फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या आदिवासी टोळ्यांशी लढाई चालू होती, गावं जळत होती, तिकडून पळून आलेली माणसं, अनाथ पोरी इकडे मोलकरणी म्हणून राहत होत्या. मॅसॅच्युसेट्स कॉलनीचा जुना चार्टर (म्हणजे कारभार चालवायची इंग्लंडच्या राजाची सनद) १६८४ मध्येच रद्द झालेला, नवीन घेऊन गव्हर्नर फिप्स आला तो मे १६९२ मध्ये, तोपर्यंत तुरुंग भरून गेले होते. म्हणजे सरकारला पण कोणीतरी दोषी हवाच होता, नाहीतर लोकांनी विचारलं असतं की लढाईत आपण मार का खातोय.

मग फिप्सने स्पेशल कोर्ट बसवलं, वर बसला विल्यम स्टॉटन. आणि हे लोक अडाणी वगैरे अजिबात नव्हते हां, स्टॉटन हार्वर्डचा, सिवॉल जज्ज हार्वर्डचा, ज्याला फासावर चढवला तो बरोज पाद्री पण हार्वर्डचाच! (आदल्या दिवशी आम्ही तिथल्या पुतळ्याच्या बुटाला हात लावून फोटो काढून आलो होतो.) कोर्टात पुरावा काय चालला, तर "हिची आकृती माझ्या छातीवर येऊन बसली". बाई स्वतः दहा मैलांवर झोपलेली का असेना, आकृती आली म्हणजे झालं. याच्यावर उलटतपासणी काय करणार कपाळ? आणि गंमत बघा, जो कबूल झाला आणि कबुलीवर टिकला तो एकही लटकला नाही, जे शेवटपर्यंत म्हणाले की मी काही केलं नाही तेच गेले. १९ जण फाशी, त्यात १४ बायका आणि ५ पुरुष, जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या आसपासच्या म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारला, किमान पाच जण तुरुंगात मेले, आणि धरपकड दीडशेच्या वर. सेरा गुडची चार-साडेचार वर्षांची पोर, डोरोथी, ती सुद्धा बेड्यांत. आईने इथे टूरमधून बाजूला जाऊन पाणी प्यायलं.

आता बाबांचा भाग. गाईडने शेरीफचं सांगायला घेतलं. शेरीफ जॉर्ज कॉर्विन, वय पंचविशीतलं, जोनाथन कॉर्विन मॅजिस्ट्रेटचा पुतण्या. (काकाचं घर अजून उभं आहे, काळं मोठं, विच हाउस म्हणतात, खटल्याशी थेट संबंध असलेली सेलममधली ती एकच इमारत उरलीय, बाहेरून बघितलंत तरी चालेल.) जॉन प्रॉक्टर नवरा-बायको तुरुंगात गेल्यावर हा शेरीफ त्यांच्या घरी गेला, गुरं काही निम्म्या भावात विकली, काही कापून खारवून वेस्ट इंडिजला पाठवायला ठेवली, पिंपातली बिअर ओतून पिंप नेलं, चुलीवरच्या भांड्यातला रस्सा ओतून भांडं नेलं, मागे पोरांना खायला काही ठेवलं नाही. हे एका बॉस्टनच्या कापड व्यापाऱ्याने १७०० साली छापून ठेवलंय म्हणून आपल्याला माहितीय. बाबांनी मला भाषांतर करायला लावलं, "विचार त्यांना, निकाल लागायच्या आधी जप्ती? पंचनामा केला? पावती दिली का?" मी विचारलं. बाई इतक्या खूश झाल्या! म्हणाल्या, इतक्या वर्षांत लोक मला विचारतात की भूत कुठे दिसतं, पावतीचं कोणी विचारलं नाही. उत्तर असं की प्रॉक्टरचा खटला ऑगस्टमध्ये चालला आणि सामान त्याच्या आधीच गेलं होतं. आणि तो कोरी म्हातारा, त्याने तुरुंगात बसून जमीन दोन जावयांच्या नावावर दस्त करून दिली, तरी शेरीफने नंतर मुलीला धमकावून पैसे काढलेच. फिलिप इंग्लिश नावाचा बडा व्यापारी बायकोला घेऊन न्यूयॉर्कला पळाला म्हणून वाचला, पण माल लुटला गेला तो गेलाच.

तुरुंगाचा खर्च पण कैद्यानेच भरायचा, जेवणाचा, बेड्यांचा सुद्धा. लिडिया डस्टिन नावाची म्हातारी निर्दोष सुटली आणि फी भरता आली नाही म्हणून आतच मेली. पॅरिसच्या घरची गुलाम टिटुबा, जिच्या कबुलीवरून सगळं पेटलं, तिची फी भरायला मालकाने नकार दिला, शेवटी ज्याने भरली त्याने ती विकत घेतली.

चालता चालता बाबा म्हणाले की अक्राणीला असताना डाकीण ठरवलेल्या बाईची केस आली की ते आधी तिच्या नावावर काय आहे ते बघायचे. विधवा आहे का, दीर कोण, शेताची हद्द कोणाला लागून आहे. भगताच्या मागे नव्वद टक्के वेळा कोणीतरी सातबारा घेऊन उभा असतो, असं त्यांचं म्हणणं (टक्केवारी बाबांची, सरकारी नाही). आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला २०१३ मध्ये, तोही दाभोलकरांचा खून झाल्यावर. तेव्हा अमेरिकन लोकांना फार हसायला जागा नाही.

थांबलं कसं, हे ऐकण्यासाठी टूर शेवटपर्यंत करा. आरोपाची बोटं हळूहळू वर जायला लागली, मोठी घरं, पाद्री, आणि शेवटी खुद्द गव्हर्नरच्या बायकोचं नाव निघालं! मग साहेबांना अचानक पुराव्यात गडबड दिसली आणि ऑक्टोबरअखेर कोर्ट बरखास्त. त्याच महिन्यात पाद्री इन्क्रीज मॅथर यांनीही लिहिलं होतं की एक निरपराध मरण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले परवडले, पण तोवर १९ गेले होते. सिवॉल जज्जाने १६९७ मध्ये चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागितली, अ‍ॅन पटनमने १७०६ मध्ये. स्टॉटनने कधीच नाही, तो पुढे हंगामी गव्हर्नर झाला. १७११ मध्ये ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई वाटली. एलिझाबेथ जॉन्सन ज्युनियर नावाच्या बाईला निर्दोष जाहीर करायचं तर राहूनच गेलं होतं, ते २०२२ मध्ये झालं, नॉर्थ अँडोव्हरच्या मिडल स्कूलच्या पोरांनी पाठपुरावा केला म्हणून.

सेलममधल्या चार्टर स्ट्रीटच्या दफनभूमीशेजारचं, बळी गेलेल्यांचं मेमोरियल फुकट आहे, १९९२ चं. दगडी भिंतीतून बाहेर आलेले २० ग्रॅनाइटचे बाक, प्रत्येकावर नाव, तारीख आणि कसं मारलं ते. आत शिरताना पायाखालच्या दगडांवर त्यांची कोर्टातली वाक्यं कोरलीत, मी निर्दोष आहे वगैरे, आणि ती वाक्यं मुद्दाम भिंतीखाली अर्धवट कापून टाकलीत. लोक त्या बाकांवर बसून कॉफी पितात, टोप्या घालून सेल्फी काढतात. कोणाला काय बोलणार. फाशीची खरी जागा प्रॉक्टर्स लेज, २०१६ मध्ये नक्की झाली, एका दुकानाच्या मागे वस्तीत छोटं स्मारक आहे, वेळ असेल तर जा, नसेल तर राहू दे.

पण डॅन्व्हर्सला जाच. तेव्हाचं सेलम व्हिलेज म्हणजे आजचं डॅन्व्हर्स, झटके, तक्रारी, पहिल्या जबान्या सगळं तिथलं, आणि तिथे एकही झाडू विकत मिळत नाही. रेबेका नर्स ही ७१ वर्षांची, ऐकू कमी येणारी, चर्चला नेमाने जाणारी आजी. ज्यूरीने आधी निर्दोष म्हटलं होतं, पोरींनी आरडाओरडा केला, स्टॉटनने ज्यूरीला पुन्हा विचार करा म्हणून आत पाठवलं, त्यांनी तिला एक प्रश्न विचारला, तिला तो नीट ऐकूच आला नाही, गप्प राहिली, झाली दोषी. १९ जुलैला फाशी. तिचं घर शेतासकट जपून ठेवलंय, चालवणारे सगळे स्वयंसेवक, आम्हाला दाखवणाऱ्या काकांनी चूल, माळा, सगळं घाई न करता दाखवलं, आईला तिथल्या लोखंडी भांड्यात भयंकर इंटरेस्ट. मागे उतारावर घरच्यांची दफनभूमी. घरच्यांनी तिला रात्री गुपचूप आणून तिथे पुरलं असं सांगतात. तिथे दोन दगड आहेत, एक १८८५ चा तिचा, आणि दुसरा १८९२ चा, त्याच्यावर शेजाऱ्यांची नावं. ती निर्दोष आहे म्हणून ज्या जवळजवळ ४० लोकांनी अर्जावर सही केली, त्यांची! आणि त्या वेळी सही करणं म्हणजे पुढचा नंबर स्वतःचा लावून घेणं, प्रॉक्टरने कोर्टावर टीका केली होती आणि तोही त्या १९ जणांत फासावर गेला. बाबा ती नावं एकेक करून वाचत होते, त्यात पटनम आडनावाचे पण निघाले, मग म्हणाले, घरातलेच सगळे एका बाजूला नव्हते तर.

व्यवहाराचं: हे घर वर्षभर रोज उघडं नसतं, जायच्या आधी वेळ बघून घ्या. सेलमहून ट्रेनने जमणार नाही, गाडी किंवा उबर. उतार आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर दफनभूमीपर्यंत हळू. खाणं सेलममध्येच उरकून घ्या, ऑक्टोबरमध्ये तिथे पण लाइन असते, आम्ही सरळ डब्यातले ठेपले खाल्ले. परतताना जवळच पॅरिसच्या घराचा दगडी पाया आहे, १९७० मध्ये खणून काढलेला, तिकीट नाही, पण लोकांच्या घरांमागून पायवाटेने जावं लागतं, तेव्हा पोरांना घेऊन जाणार असाल तर तिथे दंगा नको.