कोरड्या डोळ्यांसाठी कोणता ड्रॉप? अश्रूंच्या घटकांशी ताडून पाहू

सांगलीच्या मार्केट यार्डात दिवसभर हळदीची पोती उचलणारा हमाल, तासगावात बेदाण्याला गंधकाची धुरी देणारा मजूर आणि साताऱ्यात घरी बसून दहा तास लॅपटॉप बघणारी मुलगी. तक्रार तिघांचीही एकच असते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. मेडिकलवाल्याने मात्र तिघांच्या हातात एकच बाटली ठेवली तर निदान दोघांचे पैसे वाया जातात.

बुबुळावरचा अश्रूंचा थर जेमतेम ३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो. बुबुळाला चिकटून म्युसिन हा बुळबुळीत पदार्थ, त्यावर खारट पाणी आणि सगळ्यात वर पापणीच्या कडेतल्या ग्रंथींतून झिरपणारं तेल. पाण्यात सोडियम साधारण रक्ताइतकंच असतं, पोटॅशियम मात्र रक्ताच्या तीन-चार पट किंवा त्याहूनही जास्त. शिवाय लायसोझाइम, लॅक्टोफेरिन आणि आयजीए ही जंतूंशी लढणारी प्रथिनं. पैकी लायसोझाइम अलेक्झांडर फ्लेमिंगने शोधलं, पेनिसिलिनच्या कितीतरी आधी, १९२२ च्या सुमारास. दुकानातल्या ‘कृत्रिम अश्रूं’त यातलं एकही प्रथिन नसतं. त्यात असतं पाणी, क्षार आणि पाणी धरून ठेवणारा एखादा पदार्थ. म्हणून हे ड्रॉप वंगणाचं काम करतात, जंतूंशी लढण्याचं नाही.

बाटलीवरचं ठळक नाव सोडा, खालच्या बारीक अक्षरात बघा. बहुतेक वेळा निवड या दोघांत असते: कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज (सीएमसी) आणि सोडियम हायलुरोनेट.

सीएमसी ०.५ टक्के आणि १ टक्का अशा दोन ताकदीत मिळतं. ०.५ पातळ असतं, दिवसा चालतं, खिशालाही परवडतं. १ टक्क्याचं घट्ट, जास्त वेळ टिकतं. पण घातल्यावर काही मिनिटं धूसर दिसतं. ते घालून लगेच दुचाकीला किक मारू नये. हायलुरोनेट साधारण ०.१ ते ०.१८ टक्क्यांत येतं आणि बहुधा महाग पडतं. त्याची गंमत अशी की पापणी मिटताना ते पातळ होतं आणि डोळा उघडा असताना पुन्हा घट्ट. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे लॅपटॉपवाल्या मुलीला जादा पैसे मोजून हेच घेणं पटण्यासारखं आहे. हळदीची धूळ खाणाऱ्या हमालाला ते कशाला? त्याने आधी स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत, मग साधं ०.५ टक्के सीएमसी पुरे.

धुरीवाल्याची गोष्ट वेगळी. गंधकाचा धूर अश्रूंच्या पाण्यात विरघळला की आम्ल तयार होतं, म्हणून आग होते आणि डोळे घळाघळा वाहतात. तिथे अश्रू कमी पडलेले नसतात. चांगली पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळे धुणं आणि पुढच्या वेळी बाजूने बंद असलेला चष्मा लावणं, हाच उपाय.

तेलाचा थर बिघडला असेल तर वरचे दोन्ही ड्रॉप अर्धंच काम करतात. याची खूण म्हणजे सकाळी उठल्यावर जास्त चुरचुर, पापणीच्या कडा लाल, पापणीच्या केसांना कोंड्यासारखे कण. तेल कमी असलं की पाणी भराभर उडून जातं, कोरडेपणा चेतवला जातो आणि डोळा उलट पाणी गाळू लागतो. ‘माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय, कोरडे कसे?’ याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. अशांनी एरंडेल किंवा मिनरल ऑइल असलेला ड्रॉप मागावा. तो दुधाळ दिसतो, खराब झाला म्हणून परत करू नये. जोडीला गरम पाण्यात पिळलेलं फडकं मिटलेल्या पापण्यांवर रोज ५ ते १० मिनिटं ठेवावं. फडकं दोन मिनिटांत गार होतं, ते पुन्हा पुन्हा गरम केलं नाही तर शेक नुसता नावाला.

आता लोक बघतच नाहीत ती गोष्ट, प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं रसायन. बेन्झाल्कोनियम क्लोराइड स्वस्त आणि जंतूंवर जालीम, पण बुबुळाच्या वरच्या पेशींनाही त्रास देतं. दिवसातून दोनदा ड्रॉप घालणाऱ्याचं त्यावर भागतं. चार-सहा वेळा घालावा लागत असेल तर प्रिझर्वेटिव्ह नसलेल्या कुप्याच घ्याव्यात, सीएमसी की हायलुरोनेट हा प्रश्न त्यानंतरचा. मधला मार्ग म्हणजे स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स हे प्रिझर्वेटिव्ह, ते डोळ्याला बरंच सौम्य असतं. साधी बाटली फोडली की तारीख लिहून ठेवावी, एक महिन्यानंतर उरलेलं ओतून द्यावं.

थेंब एकच घालावा. डोळ्यात एरवी ७ मायक्रोलिटरच्या आसपास अश्रू असतात आणि बाटलीचा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. दुसरा थेंब सरळ गालावर जातो. दुसरं औषधही घालायचं असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत.

डोळे पांढरे करणारे नॅफाझोलिनवाले ड्रॉप या तुलनेत बसतच नाहीत. ते रक्तवाहिन्या आकसवतात, सवय लागली की लाली दुप्पट जोमाने येते. गुलाबपाणीही नको, ते निर्जंतुक नसतं.

ऊसतोडीत पात किंवा पाचट डोळ्याला लागलं आणि नंतर दुखू लागलं, उजेड सहन होईना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर कुठलाच ड्रॉप घालत बसू नये. अशा जखमेतून बुरशी शिरते. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी काही दिसलं तर घरात पडून असलेली ती बाटली मुळीच वापरू नये: स्टिरॉइडने लाली उतरते, आत बुरशी मोकाट वाढते. त्याच दिवशी मिरज, सांगली, सातारा, जे जवळ असेल तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं आणि आधी काय काय घातलं त्या बाटल्या सोबत न्याव्यात.