बी-५२ शॉट: थरांना पूर्ण गुण, आगीला शून्य

तळाला काळपट तपकिरी, मध्ये दुधाळ, वर मधासारखा रंग. बी-५२ म्हणजे तीन गोड मद्यांचे थर एकावर एक ओतून बनवलेला छोटा शॉट. तो समोर आला की आधी थरांमधल्या रेषा बघाव्यात. पट्टीने आखल्यासारख्या दिसल्या तर बनवणाऱ्याचा हात बसलेला आहे. मधला थर वर धुरासारखा पसरला असेल तर ओतायची घाई झाली.

आठ इंजिनांच्या बोइंग बॉम्बरचं हे नाव शॉटला जरा फिरून मिळालं. कॅनडातल्या बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेलात पीटर फिच या बारटेंडरने १९७७ साली तो बनवला आणि आवडत्या बँडचं नाव दिलं, असं सांगतात. बँडचं नाव एका उंच केशरचनेवरून, आणि केशरचनेचं त्या विमानाच्या नाकावरून!

प्रमाण सोपं आहे: कलुआ (कॉफीचं गोड मद्य), बेलीज (साय आणि व्हिस्कीचं), ग्रँड मार्निए (संत्र्याचं), प्रत्येकी २० मिली, तळापासून याच क्रमाने. ग्लास काठोकाठ ६० मिलीचाच असेल तर १५-१५ घ्या, नाहीतर उचलतानाच वरचा थर टेबलावर जाईल.

थर टिकतात ते घनतेमुळे. साखर द्रव जड करते, अल्कोहोल हलका. कलुआ साखरेने जड, त्यामुळे त्यावर बेलीज सहज बसतं. खरी परीक्षा वरच्या थराची, कारण बेलीज आणि ४० टक्के अल्कोहोलचं ग्रँड मार्निए यांच्या घनतेत फरक जेमतेम आहे. चमचा उलटा धरून टोक ग्लासच्या आतल्या बाजूला टेकवायचं, बेलीजच्या अगदी जवळ, आणि धार दोऱ्याएवढी ठेवायची. आधीच्या थरानंतर चमचा पुसला नाही, तर त्याला चिकटलेली सायच वर तरंगते.

काटकसर म्हणून वरच्या थराला स्वस्त ट्रिपल सेक, म्हणजे संत्र्याचंच साधं गोड मद्य, वापरलं की फसतं. त्यात अल्कोहोल कमी, साखर जास्त. ते थेट बेलीजमध्ये बुडतं. क्वान्त्रो हे संत्र्याचं कडक मद्य थर धरतं, पण ग्रँड मार्निएमधल्या कोन्याकची, म्हणजे फ्रेंच ब्रँडीची, ऊब त्यात नाही. ती नसेल तर हा शॉट म्हणजे नुसती कॉफीची मिठाई.

चव एका घोटातच कळते: आधी संत्र्याची साल, मग साय, शेवटी कॉफी. एक छान, दुसरा अती गोड. गोडीमुळे जोर लक्षात येत नाही, पण मिश्रणात अल्कोहोल साधारण २५ टक्के. म्हणजे ६० मिलीचा शॉट व्हिस्कीच्या ३० मिली पेगपेक्षा थोडा वरचढच.

पेटवलेला बी-५२ मात्र मागवू नये. ज्योतीने संत्र्याचा वास उडतो आणि काठ ओठ भाजण्याइतका तापतो. हौस असेलच तर वर कडक रमचे मोजून काही थेंब पुरतात. पेटत्या ग्लासात बाटलीतून कधीच ओतायचं नाही, आणि ज्योत पूर्ण विझवून, काठ निवल्यावरच प्यायचं. जळत्या ग्लासात प्लॅस्टिकचा स्ट्रॉ घातला तर तो वितळून शॉटमध्येच उतरतो.