मीटरवर २२ मायक्रॉन, पण ते निकेलचे नव्हते

बेळगावच्या उद्यमबागेत दाराची हँडले, कड्या आणि बिजागऱ्या तयार करण्याचा आमचा छोटा कारखाना आहे. प्लेटिंग, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातूचा पातळ थर चढवण्याचे काम, आम्ही बाहेरून जॉबवर्कवर करून घेतो. माइल्ड स्टीलच्या हँडलांची एक मोठी खेप देताना ‘निकेल किमान २० मायक्रॉन, त्यावर क्रोम’ असे आम्ही ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिले होते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि दरही त्याच हिशेबाने मान्य केला होता. तो माल जांबोटी-कणकुंबीकडच्या घरांत बसला आणि पहिल्याच पावसाळ्यात तक्रारी सुरू झाल्या. परत आलेल्या हँडलांवर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस-तपकिरी ठिपके होते आणि काही ठिपक्यांभोवती हिरवट कडा धरलेली होती.

ही हिरवट कडाच महत्त्वाची ठरली, कारण पोलाद गंजून असा रंग सहसा येत नाही. तो तांब्याचा असू शकतो, आणि आमच्या ऑर्डरमध्ये तांबे कुठेच नव्हते.

माल ताब्यात घेताना प्लेटरने आमच्यासमोर मीटर लावून दाखवला होता. “मालक, तुमच्या डोळ्यांदेखत २२ दाखवतोय, आता शंका कसली?” असे तो म्हणाला होता. तो मीटर रंगाच्या थराची जाडी मोजतात त्या चुंबकीय पद्धतीचा होता. असा मीटर खालचे पोलाद प्रोबपासून, म्हणजे मीटरच्या टेकवायच्या टोकापासून, किती अंतरावर आहे एवढेच ओळखतो. मधला थर चुंबकीय नसेल तरच त्या अंतराला जाडी म्हणता येते. निकेल स्वतःच चुंबकीय असल्यामुळे पोलादावरचे निकेल या मीटरने धड मोजताच येत नाही. तांबे मात्र चुंबकीय नाही, म्हणून पोलादावर तांब्याचा जाड थर चढवून वर निकेलचा नुसता हात फिरवला की मीटर मुख्यतः तांब्याचीच जाडी दाखवतो आणि पाहणाऱ्याला ती निकेलची वाटते. तांबे निकेलपेक्षा स्वस्त पडते, शिवाय त्यावर चकाकीही उत्तम येते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नाही.

शेवटी आम्ही एक हँडल प्रयोगशाळेत कापून घेतले. तुकडा रेझिनमध्ये बसवून, घासून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा पोलादावर गुलाबी-लाल तांब्याचा रुंद पट्टा आणि त्यावर निकेलची बारीक पांढरी रेघ स्वच्छ दिसत होती. तांबे १८ मायक्रॉनच्या आसपास होते आणि निकेल जेमतेम ४. क्रोमचा थर एरवीही एका मायक्रॉनपेक्षा पातळ असतो. गंजापासून खरे रक्षण निकेलच करते. ते पातळ राहिले की थरात सूक्ष्म छिद्रे उरतात, आणि निकेल व तांबे हे दोन्ही लोखंडापेक्षा कमी गंजणारे धातू असल्यामुळे छिद्राच्या तळाचे पोलाद उलट अधिक वेगाने खाल्ले जाते.

तांब्याचा थर वापरणे हा काही गुन्हा नव्हे. तांबे-निकेल-क्रोम ही मान्य पद्धत आहे आणि आयएसओ १४५६ या मानकातही ती आहे. न सांगता निकेलच्या जागी तांबे भरणे आणि जो मीटर हा फरक ओळखू शकत नाही तोच पुरावा म्हणून पुढे करणे, ही फसवणूक आहे. “एकूण मायक्रॉन भरले ना?” एवढेच उत्तर आम्हाला मिळाले. राहिलेले बिल आम्ही अडवून धरले आहे, पण गिऱ्हाइकांना बदलून दिलेल्या हँडलांचा खर्च आमच्याच अंगावर पडला.

आता आम्ही प्रत्येक थराची जाडी वेगळी लिहून घेतो आणि मोजण्याची जागा ड्रॉइंगवर खुणेने दाखवतो, कारण कडांवर विद्युतप्रवाह जास्त मिळून थर जाड चढतो आणि खोलगट भागात तो पातळ राहतो. मीटर नेहमी कडेलाच टेकवणाऱ्यापासून सावध राहावे. तपासणी कूलोमेट्रिक पद्धतीने करून घ्यावी, कारण तीत एकेक थर विरघळवून त्याची जाडी स्वतंत्रपणे काढली जाते. क्ष-किरण यंत्र वापरणार असतील तर त्यात थरांचा क्रम कोणता भरला आहे, हे आधी विचारावे, कारण जाडीचा हिशेब त्यावरच होतो. यांपैकी काहीच जवळ नसेल, तर खेप उतरवून घेण्यापूर्वी एका हँडलाची कड बारीक पॉलिश पेपरने तिरकी घासून पाहावी. जाडी त्यातून कळणार नाही, पण पांढऱ्या थराखाली लाल तांबे उघडे पडले आणि ऑर्डरमध्ये तांबे लिहिलेले नसेल, तर माल तिथेच थांबवावा.